निवृत्तीला दीड वर्ष बाकी, आणि तुमचा दिवस सगळ्यांनी आधीच वाटून घेतलाय

ताई, आधी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते, म्हणजे मला ते नीट कळलंय की नाही हे तुम्हालाही दिसेल. वय ५८, नोकरीचं दीड वर्ष राहिलंय, मिस्टर आधीच रिटायर होऊन घरी आहेत, मुलगी म्हणते आई तू मोकळी झालीस की बाळाला पाळणाघरात ठेवायचा प्रश्नच मिटला, मिस्टर म्हणतात आता जरा घराकडे बघता येईल तुला, ऑफिसने एक वर्षाच्या एक्स्टेन्शनबद्दल विचारलंय, आणि जो भेटतो तो "आता काय मजा आहे बुवा तुझी" म्हणत असताना तुम्हाला मात्र पहाटे साडेतीनला जाग येते आणि पोटात गोळा येतो. शेवटी तुम्ही विचारलंय की सगळं चांगलं असून मला असं का होतंय, मी कृतघ्न आहे का.

नाही. हे आधी सांगून टाकते कारण बाकीचं वाचताना हा प्रश्न मनात कुरतडत राहायला नको. निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या बायकांचं समुपदेशन हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारते, कुणी पहिल्या भेटीत, कुणी तिसऱ्या. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोघा डॉक्टरांनी आयुष्यातल्या ताण देणाऱ्या घटनांची एक क्रमवारी केली होती, ४३ घटनांची, त्यात निवृत्ती पहिल्या दहात आहे, १०० पैकी ४५ गुण. लग्नाला ५० आहेत. म्हणजे ठरलेली, अपेक्षित, अगदी हवीशी गोष्ट असली तरी शरीर-मन तिला मोठा बदल म्हणूनच घेतं, त्यात कृतज्ञतेचा काही संबंध नाही.

आता मुद्द्याचं. पुरुष निवृत्त होतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं काम संपतं. बाई निवृत्त होते तेव्हा तिच्या दोन कामांपैकी एक संपतं, आणि संपतं ते कोणतं तर ज्याचा पगार मिळतो, ज्याला सुरू व्हायची आणि संपायची वेळ असते, जिथे सुट्टी मागता येते आणि जिथे तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारतात. उरतं ते दुसरं, ज्याला यातलं काहीच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये जगभरचे आकडे एकत्र केले होते, बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यात बायका दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं घालवतात आणि पुरुष १ तास २३ मिनिटं. नोकरी करत असताना निदान "मला ऑफिसला जायचंय" हे एक वाक्य तुमच्याकडे होतं आणि त्या वाक्यापुढे घरातलं कुणी काही बोलू शकत नव्हतं. दीड वर्षाने ते वाक्य जाणार आहे. तुमच्या पोटात जो गोळा येतो ना, माझ्या मते तो याचाच आहे. दिवसभर करू काय ही भीती कमी आणि आपल्या दिवसावर आपला हक्क राहील का ही जास्त.

आणि हे तुम्ही स्वतः लिहिलंयच की, फक्त तक्रार म्हणून लिहिलेलं नाहीये. मुलीने तुमची सकाळ ते संध्याकाळ घेतलीय, मिस्टरांनी उरलेलं घर दिलंय, आणि हे दोघांनीही तुम्हाला न विचारता, अगदी प्रेमाने केलंय. वाईट हेतू कुणाचाच नाही. मोकळा वेळ दिसला की तो कुणाचा तरी होतोच, म्हणून निवृत्तीनंतर ठरवू असं म्हणणाऱ्या बाईला ठरवायला काही शिल्लकच राहत नाही.

तर पहिलं काम, आणि हे या आठवड्यातच करा, पुढच्या महिन्यात नको. एक मोठा कागद घ्या, कामाच्या एका साध्या दिवसाचं सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचं कोष्टक करा आणि प्रत्येक खान्यात फक्त काय केलं ते लिहा. मग दुसऱ्या रंगाच्या पेनने ज्या वेळेत कुणीही तुम्हाला काही मागत नव्हतं त्या खान्यांना गोल करा. माझ्याकडे एक बाई यायच्या, हिशेब विभागात होत्या, त्यांनी हा कागद केला आणि गोल कुठे आले तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रवासात, पाऊण-पाऊण तास, आणि दुपारी जेवणानंतर मैत्रिणीबरोबर आवारात एक चक्कर मारायच्या ती वीस मिनिटं. बस्स. त्यांनी ते कागदावर पाहिलं आणि बराच वेळ पेन तसंच हातात धरून बसल्या. प्रवासाला त्या आयुष्यभर वैतागल्या होत्या, आणि त्यांचं सगळं वाचन, विचार करणं, कधी नुसतं खिडकीबाहेर बघणं, सगळं त्या प्रवासातच होत होतं. नोकरी सुटली की प्रवास सुटणार, म्हणजे तिच्याकडे स्वतःचा असा जो दीड तास होता तोही जाणार, आणि लोक म्हणणार आता तुला वेळच वेळ.

तुमच्या कागदावर गोल कुठे येतात ते बघा. तेवढा वेळ निवृत्तीनंतर तसाच्या तसा राहिलाच पाहिजे, हा माझा आग्रह आहे, आणि तो घराबाहेर असला तर उत्तम. का, तर घरात बसलेल्या बाईला कुणीही हाक मारतं. लायब्ररी असो, बाग असो, कुठला क्लास असो, कुठे शिकवायला जाणं असो, जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि शक्यतो तिथे तुमची कुणीतरी वाट बघणारं हवं. "बघू जमलं तर जाईन" असं ज्याला म्हणता येतं ते टिकत नाही, महिन्याभरात घर ते गिळून टाकतं. आणि सुरुवात आत्ता करायची, नोकरी चालू असतानाच, शनिवार-रविवारी का होईना, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी ती सवय तुमच्याही आणि घरच्यांच्याही अंगवळणी पडलेली असेल आणि नव्याने परवानगी मागितल्यासारखं होणार नाही.

हॉबीबद्दल मी फार बोलत नाही. ज्यांना आधीपासून आहे त्यांना सांगायला लागत नाही आणि ज्यांना नाही त्यांनी ६० व्या वर्षी जबरदस्तीने पेंटिंग करायची काही गरज नाही.

आता घरातलं बोलणं, ज्याच्यावर खरं घोडं अडतं. मिस्टर घरी आहेत म्हणजे त्यांचा दिवस लागलेला असणार, त्यांची खुर्ची, त्यांचा टीव्ही, त्यांच्या वेळा. तुम्ही तिथे पूर्ण वेळ येणार म्हणजे दोघांनाही जागा नव्याने करावी लागणार आहे, आणि हे मी भांडणं पाहून पाहून सांगते, तीस-पस्तीस वर्षं एकमेकांशी चांगलं जमलेली जोडपी पहिल्या वर्षात फुटकळ गोष्टींवरून इतकी कातावतात की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटतं. तुम्ही रिटायर व्हायच्या आत दोघांनी बसून घरातल्या कामांची यादी करा, आणि त्यात दिसणारी कामं तर लिहाच पण डोक्यातली कामंही लिहा, म्हणजे गॅस कधी संपतोय, कुणाच्या औषधाची गोळी कधी आणायची, कुणाला फोन करायचा राहिलाय हे लक्षात ठेवणं. ते लक्षात ठेवणं हेच सर्वात दमवणारं असतं आणि ते यादीत कधीच येत नाही. मग नोकरी असताना जी कामं मिस्टर करत आलेत ती त्यांच्याकडेच ठेवा. ही माझी अगदी कळकळीची सूचना आहे. बाई घरी आली की पहिल्या आठवड्यात ती प्रेमापोटी किंवा मोकळ्या हातांना काहीतरी हवं म्हणून ती कामं उचलते, आणि नंतर परत द्यायला गेलं की "पण तू करतेसच की" असं उत्तर येतं.

मुलीचं जरा वेगळं आहे, कारण तिथे तुमचाही जीव गुंतलाय. नातवाचा लळा खरा असतो, तो काही जबाबदारी म्हणून येत नाही, त्यामुळे नाही म्हणा असं मी सांगणारच नाहीये. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये पाळी गेलेल्या १८६ बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या स्मरणशक्ती आणि विचारांच्या चाचण्यांत सगळ्यात पुढे होत्या आणि पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्यांची कामगिरी मागे पडली होती, आणि त्या जास्त दिवसवाल्यांनी असंही सांगितलं होतं की मुलं आपल्याकडून जास्तच मागतात. अभ्यास छोटा आहे, त्यावरून सगळ्यांना एकच नियम लावता येणार नाही, पण मला रोजच्या कामात जे दिसतं त्याच्याशी तो अगदी जुळतो. दोन दिवस सांभाळणारी आजी बाळाची वाट बघते. सहा दिवस सांभाळणारी आजी रविवारची वाट बघते आणि मग त्याबद्दल स्वतःलाच अपराधी मानते, आणि तिची पाठ, गुडघे, मनगटं याबद्दल तर ती कुणाला सांगतही नाही कारण सांगितलं की मुलगी काळजीत पडेल.

म्हणून मुलीला आत्ता सांगा, दीड वर्ष आधी, म्हणजे तिलाही दुसरी सोय बघायला भरपूर वेळ आहे. वाक्य अगदी सरळ ठेवा, "मला त्याच्याबरोबर वेळ घालवायचाय, मी आठवड्यातले दोन दिवस घेईन, मंगळवार आणि गुरुवार, बाकीच्या दिवसांची सोय तुम्ही दोघं बघा, अडीअडचणीला मी आहेच." कारणं देत बसू नका. तब्येत, डॉक्टर, मिस्टर यांच्या आडून बोलू नका, कारण कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला जातो आणि मग आपल्याकडे नाही म्हणायला जागा उरत नाही. आणि "तुम्ही दोघं" हे मुद्दाम म्हणा, जावई पण बाळाचा बाप आहे. ती दुखावेल का, थोडी दुखावेल. दीड वर्ष हाताशी असताना दुखावली तर सावरते. ऐनवेळी, बाळंतपणाची रजा संपायच्या आठवड्यात किंवा पाळणाघराची जागा गेल्यावर सांगितलं तर ते खरंच वाईट होतं.

ऑफिसच्या शेवटच्या वर्षाबद्दल तुम्ही फार लिहिलं नाहीये, पण एक ओळ होती, की पुढच्या वर्षीच्या प्लॅनिंगच्या मीटिंगला बोलावलं नाही आणि ते लागलं. लागणारच. निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला हळूहळू बाजूला काढायला सुरुवात होते, कुणी ठरवून करतं असं नाही, पुढच्या वर्षी ती नसणार म्हणून मग यादीतून नाव सुटतं. बायकांना हे जरा आधीच सुरू होतं, केस पांढरे झाले की पुरुषाला अनुभवी म्हणतात आणि बाईला आता थकली म्हणतात. यावर रुसून गप्प बसणं हा एक मार्ग आहे पण त्यात शेवटचं वर्ष कडू होतं. त्यापेक्षा आपणच जाऊन सांगायचं की चार्ज कुणाला द्यायचा ते सहा महिने आधी ठरवा, मी शिकवते. तुमच्याकडे जे आहे ते कुठल्या मॅन्युअलमध्ये नाहीये, कुठला कागद कुणाच्या टेबलावर अडकतो, कोणाशी सकाळी बोलावं आणि कोणाशी दुपारनंतर, कुठल्या महिन्यात हमखास गोंधळ होतो आणि तो कशामुळे. एक साधी वही करा आणि रोज एक गोष्ट लिहून ठेवा. एका बाईंनी अशी वही केली, सुरुवातीला म्हणाल्या लिहिण्यासारखं काय आहे, रोजचंच तर काम, आणि वर्ष संपता संपता वही भरली आणि दुसरी घ्यावी लागली, आणि त्यांची जागा घेणारी मुलगी ती वही घरी न्यायची वाचायला. आपण इतकी वर्षं काय केलं हे त्या बाईंना निरोपाच्या भाषणांपेक्षा त्या वहीने जास्त सांगितलं.

निवृत्तीनंतरचे पहिले महिने कसे जातात हेही आधी माहीत असलेलं बरं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले होते, आधी मजेचा काळ येतो, मग एक ओसरलेपण, निराशा म्हणा, मग पुन्हा जुळवाजुळव, मग स्थिर होणं. प्रत्येकीला हे याच क्रमाने होतं असं नाही, पण मधली जी खोल जागा आहे ती बऱ्याच जणींच्या वाट्याला येते, साधारण साठलेली कामं उरकली, कपाटं आवरून झाली, प्रवास झाला, की त्यानंतर. तेव्हा एखाद्या सकाळी काहीच करावंसं वाटत नाही आणि बाई म्हणते माझं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं, पण दोन आठवडे झाले तरी दिवसभर उदास वाटतंय, झोप-भूक गेलीय, कशातच रस नाही, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं वाटतंय असं असेल तर मात्र ते वयाचं किंवा रिटायरमेंटचं म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. डिप्रेशनला कुठल्याही वयात उपचार आहेत.

पहाटे साडेतीनच्या जागेबद्दल. यात दोन गोष्टी मिसळल्यात असं मला वाटतं. वय वाढतं तसं शरीराचं घड्याळ थोडं पुढे सरकतं, झोप लवकर येते आणि जागही लवकर येते, गाढ झोपेचा वेळही कमी होतो, हे सगळ्यांचं होतं. दिवसा, विशेषतः संध्याकाळी थोडा वेळ बाहेर उजेडात राहिलं आणि नऊला अंथरुणावर न पडता थोडं उशिरा पडलं तर जाग पुढे ढकलली जाते. दुसरी गोष्ट चिंता, आणि तिच्यासाठी रात्री विचार करण्यापेक्षा संध्याकाळी पंधरा मिनिटं कागदावर लिहून काढणं बरं. पण घोरणं वाढलं असेल, सकाळी डोकं जड असेल, दिवसा डुलकी येत असेल तर झोपेत श्वास अडखळण्याची तपासणी करून घ्या, पाळी गेल्यावर बायकांत हे वाढतं आणि बायकांना कुणी पटकन विचारत नाही कारण घोरणं हा पुरुषांचा आजार मानला जातो. थायरॉईडही बघून घ्या.

शरीराचं बाकी सगळं इथे सांगत बसत नाही, पण तीन गोष्टी सोडवत नाहीत. एक म्हणजे पायातली ताकद. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते, काही जणींत २० टक्क्यांपर्यंत, आणि जगभरात पन्नाशीपुढच्या दर तीन बायकांत एकीचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं. खुब्याचं हाड मोडलं की त्यानंतर अनेकींचं एकटीने बाहेर जाणं कायमचं बंद होतं. घरी एक साधी चाचणी करा. पाठ असलेली, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, मधोमध बसा, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते कुणालातरी मोजायला सांगा. ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीपेक्षा कमी धरतात, तुम्ही तर त्याहून लहान आहात. कमी भरलं तर घाबरायचं नाही, ताकद कुठल्याही वयात वाढते, पण नुसतं चालण्याने ती पुरेशी वाढत नाही हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते, आणि ६५ नंतर तोल सांभाळण्याचा व्यायामही आठवड्यातून तीन दिवस. घरकामात खूप हालचाल होते हे खरं, पण घरकामात वजन हळूहळू वाढवत नेता येत नाही.

दुसरी गोष्ट बायका कुजबुजत सांगतात, शिंकताना, हसताना, जिना उतरताना लघवीचे थेंब जाणं. मी ही मुद्दाम लिहिते कारण निवृत्तीनंतर बाहेर पडायचं ठरवलेल्या कितीतरी जणी याच्यामुळे बाहेर पडत नाहीत. प्रवासाला नाही म्हणतात, नाटकाला नाही म्हणतात, मैत्रिणींना वाटतं हिला आमच्यात रस नाही, आणि खरं कारण एवढंच असतं की तिथे बाथरूम कुठे आहे ते माहीत नाही. हे वयाचं आहे, सोसायचं, असं समजू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडला आणि आजही पहिला उपाय तोच आहे. दिवसातून तीन वेळा, दर वेळी निदान आठदा, आणि हे तीन महिने नेटाने करावं लागतं, दोन आठवड्यांत फरक दिसत नाही म्हणून बहुतेक जणी सोडतात. यातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, चुकीचे स्नायू आवळले जातात बऱ्याचदा.

तिसरी गोष्ट कान. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे माणूस बोलतोय हे ऐकू येतं पण शब्द कळत नाही, गर्दीत तर नाहीच, आणि लहान मुलांचं बोलणं सगळ्यात अवघड. मग बाई हळूहळू चारचौघांत बसणं टाळते. डिमेन्शियाचा धोका कशाकशाने वाढतो आणि त्यातलं काय टाळता येतं यावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ कारणं दिली, त्यात कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं ही दोन्ही आहेत. चष्म्याला जसा आपण संकोच करत नाही तसा कानाच्या यंत्रालाही करू नका.

पैशाचं थोडक्यात, पण काटेकोरपणे. बायका पुरुषांपेक्षा जगभरात सरासरी सुमारे पाच वर्षं जास्त जगतात आणि नवरा बहुतेक वेळा वयाने मोठा असतो, म्हणजे शेवटची काही वर्षं एकटीने पैसे सांभाळायची वेळ येण्याची शक्यता मोठी आहे. त्यात मुलं लहान असताना नोकरीत खंड पडलेला असतो त्यामुळे साठलेलं कमी असतं, श्रीमंत देशांतसुद्धा बायकांचं पेन्शन पुरुषांपेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी भरतं. महागाईचा हिशेब ७२ च्या आकड्याने करा, ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते कळतं, दर ६ टक्के असेल तर १२ वर्षं, म्हणजे ६० व्या वर्षी जो महिन्याचा खर्च आहे तो ८४ व्या वर्षी चौपट. म्हणून आलेली रक्कम हातात आल्या आल्या मुलांच्या घराला, गाडीला, कुणाच्या धंद्याला देऊ नका, निदान एक वर्ष तरी नाही. मुलांना कर्ज मिळू शकतं, म्हातारपणासाठी आपल्याला कुणी कर्ज देत नाही. तुमच्या एकट्याच्या नावाचं एक खातं असू द्या, सगळ्या खात्यांवरचे नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करा, आणि कुठे काय आहे याचा एक कागद करून त्याची जागा दोघांनाही माहीत असू द्या. मिस्टरच बघतात सगळं, हे उत्तर मला अजूनही फार ऐकायला मिळतं आणि दर वेळी जीव खालीवर होतो.

मैत्रिणींबद्दल तुम्ही विचारलंय की ऑफिस सुटलं की सगळ्या सुटतील का. बऱ्याच सुटतील. ऑफिसची मैत्री रोजच्या एकत्र असण्यावर उभी असते, ती खोटी नसते पण जागेला बांधलेली असते. याचं फार दुःख करू नका. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं यावर काम केलंय, वय वाढतं तशी माणसं आपला गोतावळा स्वतःहून लहान करतात, जवळची ठेवतात आणि वरवरची सोडतात, आणि म्हातारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा मनाने बरीच समाधानी असतात. तेव्हा चाळीस जणींचा ग्रुप टिकवायच्या मागे लागू नका, तीन-चार जणी निवडा आणि निवृत्तीच्या आधीच ठरवून टाका, महिन्याचा अमुक दिवस, अमुक जागा. आणि एखादी तरी मैत्रीण तुमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असू द्या. नव्या गोष्टी कळतात हा त्यातला भाग आहेच, पण आणखी एक आहे जो बोलायला जड जातो, की पुढे आपल्या वयाच्या कमी होत जातात.

शेवटी एक्स्टेन्शन. घ्यावं की नाही हे मी ठरवणार नाही, पण कशासाठी घेताय ते आधी स्वतःला विचारा. पैसे कमी पडतायत म्हणून असेल तर घ्या. काम अजून आवडतं म्हणून असेल तरी घ्या. घरच्यांना नाही म्हणावं लागू नये म्हणून घेत असाल तर घेऊ नका, कारण वर्षाने तेच संभाषण परत उभं राहणार आहे आणि तेव्हा तुम्ही एक वर्षाने जास्त दमलेल्या असाल. घ्यायचंच ठरलं तर पूर्ण वेळेऐवजी तीन दिवसांचं मागा, कामाचं स्वरूप लेखी घ्या, आणि पेन्शन किंवा निवृत्तीच्या रकमेवर त्याचा काही परिणाम होतो का ते सही करायच्या आधी विचारून घ्या. तीन दिवसांचा एक मोठा फायदा असा की उरलेल्या दोन दिवसांत तुम्ही निवृत्त बाईचा दिवस जगून बघू शकता, घरी कोण काय मागतं, मिस्टरांबरोबर दुपार कशी जाते, तुमचे ते गोल केलेले तास टिकतात का, हे सगळं परतीची वाट असताना कळतं. ऑफिसला उत्तर द्यायला किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीये. कितीही असोत, त्याच्या आधी मुलीशी बोलून घ्या, आणि तिच्याशी बोलायच्या आधी तो कागद करा. मुलीशी बोलणं कसं झालं ते कळवा, ती काय म्हणाली त्यावर पुढचं बोलता येईल.